कोटासारखी शिवलेली सीट

आमच्या वन्संना राग यायला कारण लागत नाही, क्लच पुरतो. शिकाऊ माणसाने तो झटक्यात सोडला की शेजारच्या सीटवरून असा आवाज निघतो की फुटपाथवरची माणसंसुद्धा दचकून आपापले पाय बघतात. लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी मला सासूची धास्ती घातली होती. सासू अगदी गरीब गाय निघाली. घर चालवायच्या त्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आणि गाडीही त्याच चालवायच्या.

सासऱ्यांची टॅक्सी होती. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा माझा नवरा कारकुनीची परीक्षा देत होता आणि धाकटे भाऊजी अजून शाळेत होते. वन्संनी कोणाला विचारलं नाही. एका सकाळी खुंटीवरची किल्ली घेतली आणि निघाल्या. टॅक्सीतून पुढे ड्रायव्हिंग स्कूल झालं. पुढच्या खोलीत फळा आला, भिंतीवर रस्त्याच्या खुणा रंगवल्या गेल्या, आणि टेबलावर एक उघडा गिअरबॉक्स आला, त्याच्या दातांत पेन्सिली खोचलेल्या असायच्या. मी एकदा तो साफसूफ करून माळ्यावर टाकला तर वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस फार शांततेत गेले, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

धाकट्या भाऊजींना सगळे ‘पाना’ म्हणत, कारण तो त्यांच्या मागच्या खिशात कायम असायचा, जेवतानासुद्धा. त्यांचे दोन जिवलग. एक ‘ठिणगी’, समोरच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांचा एकुलता एक मुलगा, वायरिंगमध्ये तरबेज. दुसरा ‘हॉर्न’, त्याचं नाव असं का पडलं ते त्याच्याशी एकदा बोललेल्या कोणालाही कळायचं. या तिघांनी आमच्या मागच्या शेडमध्ये एक गाडी बांधली. इंजिन भंगारात निघालेल्या डिलिव्हरी व्हॅनचं, दरवाजे एका जुन्या टॅक्सीचे, आणि दिवे कुठले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा एक कडक नियम होता. ज्याचा हात गाडीला लागेल त्याला एक फेरी, आणि ज्याचा लागणार नाही तो कितीही मोठा असो, त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून बघायचं. मी दिव्यांच्या काचा पुसून माझी फेरी मिळवली. उतरले तेव्हा माझी सगळी हाडं मोजून घ्यायची वेळ आली होती, पण इतकी हसले होते की पोट दुखत होतं.

टेलरमास्तरांना हे सगळं बघवत नसे. गळ्यात टेप लटकवून ते शेडच्या दारात यायचे आणि ओरडायचे, “दुकानात गिऱ्हाइकं ताटकळलीत आणि तू इथे ग्रीस चोळत बसलायस! शिंप्याच्या पोराची नखं अशी काळी असतात का रे?” ठिणगी मुकाट्याने निघून जायचा आणि तासाभरात परत उगवायचा. तिघांनाही गाडी चालवायला शिकवलं ते वन्संनी. घरचा भाऊ म्हणून सवलत नाही की शेजारची मुलं म्हणून लाड नाहीत, तिघांच्याही वाट्याला सारख्याच शिव्या.

मग लढाई सुरू झाली. भरतीच्या मैदानावर टेबलामागच्या अधिकाऱ्याने मोठ्याने विचारलं, “गाडी कोणाकोणाला येते?” या तिघांचे हात एकदम वर गेले. वन्सं कुंपणाबाहेर उभ्या होत्या. घरी येऊन कौतुकाने म्हणाल्या, “सगळ्या रांगेत फक्त आपलीच तीन पोरं!” त्यानंतर ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. तिघांनाही ट्रक मिळाले. कोणी दारूगोळा न्यायचा, कोणी माणसं. तिघांतला एकही परत आला नाही.

ठिणगीची बातमी सगळ्यात शेवटी आली. आम्ही मास्तरांकडे भेटायला गेलो. घरात माणसं होती. मास्तर शांतपणे वन्संना म्हणाले, “बाई, तुम्ही त्याला शिकवलं नसतं तर माझा मुलगा आज कुठल्यातरी कोठारात बसून गणवेशाची बटणं लावत असता.” जगात कोणाचंही ऐकून न घेणाऱ्या आमच्या वन्सं त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या बाजारात जाताना मास्तरांच्या दुकानावरून जाणं टाळू लागल्या. लांबचा वळसा घेऊन जायच्या. अशी बरीच वर्षं गेली.

गाडी शेडमध्येच होती. दर रविवारी वन्सं खिडकीतून हात घालून इंजिन चालू करायच्या, थोडा वेळ ऐकत उभ्या राहायच्या आणि बंद करायच्या. रस्त्यावर मात्र कधी काढली नाही, कारण गाडी तिघांची होती आणि मास्तरांना विचारायची त्यांची छाती होत नव्हती.

यंदा गावातल्या गाडीवेड्या पोरापोरींचं एक टोळकं वन्संकडे आलं. या मुलांचा जन्म लढाईनंतरचा. पण शेडमधल्या गाडीची कीर्ती त्यांच्या कानावर होती. लढाईत गेलेल्यांच्या स्मरणदिनी जुन्या गाड्यांची फेरी काढायची आणि सगळ्यात पुढे ही गाडी ठेवायची, असा त्यांचा बेत होता. वन्संचा चेहरा मी बघत होते. बंद खोलीत खूप वर्षांनी कोणीतरी दिवा लावावा, तसा तो उजळला होता.

पण नगरपालिकेच्या सभेत मास्तर उभे राहिले. म्हणाले, गाडीचं इंजिन काढा, चौकात चबुतरा बांधा आणि त्यावर ती पक्की बसवून टाका. वन्सं म्हणाल्या, “गाडी आहे ती. पुतळा नाही.” मास्तर म्हणाले, “उभी राहू दे. पुष्कळ फिरली.” हॉर्नची आई आता मुलीकडे राहते, तिने निरोप धाडला होता की दोघं मिळून ठरवाल ते मला मान्य. अध्यक्षांनी मधला मार्ग काढला: पुढच्या सभेपर्यंत दोन्ही घरांनी एकमुखाने काय ते सांगावं, नाहीतर चबुतऱ्याचं काम सुरू होईल.

घरी येताना वन्सं म्हणाल्या, “त्यांना ती डोळ्यांसमोर मेलेली हवीये. मी मारलं असं वाटतं ना त्यांना, त्यांच्या पोराला.” समजूत घालायला शब्द असते तर मी ते कधीच वापरून टाकले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेडमध्ये गेलो. चबुतऱ्यावर जायची असली तरी घाणेरडी जाऊ नये, असं वन्संचं म्हणणं. ड्रायव्हरच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. कव्हर काढणं भाग होतं. वन्संनी खालून ओढलं, मी वरून, आणि ते निघता निघेना.

“हे काय गं? याला आतून अस्तर आहे,” वन्सं म्हणाल्या.

“सीटला अस्तर कोण लावतं?”

“तेच विचारतेय मी.”

कव्हर एकदाचं उलटं झालं. आत गुळगुळीत, करड्या रंगाचं अस्तर, टाचलेलं इतकं नीट की बाहेरच्या बाजूला एक टाका दिसत नव्हता. पाठीच्या आत, डाव्या अंगाला, चक्क एक खिसा. कोटाला असतो तसा आतला खिसा. आणि त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल दोऱ्याचे छोटे त्रिकोण. खिशात काही नव्हतं, उगाच आशा लावून घेऊ नका. पण ते त्रिकोण मी ओळखले. माझ्या नवऱ्याच्या लग्नाच्या कोटाला तेच त्रिकोण आहेत. गावातल्या प्रत्येक चांगल्या कोटाला आहेत. खिसा कधी फाटू नये म्हणून मास्तर ते घालतात, दुसरं कोणी घालत नाही.

“वन्सं,” मी म्हटलं, “हे मास्तरांनी शिवलंय.”

“काहीतरीच काय बोलतेस.”

“अहो, त्यांना सीट शिवता येत नव्हती म्हणून त्यांनी कोट शिवलाय!”

वन्सं त्या कव्हराकडे बघत राहिल्या. मग मोठ्याने हसल्या, मग एकदम थांबल्या. त्यांनी कव्हर घडी घालून काखेत मारलं आणि वळसा न घेता सरळ मास्तरांच्या गल्लीत शिरल्या. मी हात पुसत मागून पळाले.

दुकानात एकच बाही लागलेले अर्धवट कोट टांगले होते. मास्तर खडूने कापडावर रेघ मारत होते. वन्संनी कव्हर समोर ठेवलं.

“उसवलंय. उंदरांनी खाल्लंय. शिवून द्या.”

मास्तरांनी कव्हर ओळखलं, हे त्यांच्या हातातल्या खडूवरून कळलं. रेघ वाकडी झाली.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमच्या लाल दोऱ्याने,” वन्सं म्हणाल्या. “मास्तर, पोरांचा नियम होता. ज्याचा हात लागला त्याला फेरी. तुमची फेरी का राहिली?”

मास्तर चष्मा काढून स्टुलावर बसले. “रोज शिव्या घालायचो त्याला. आणि तो झोपला की हे शिवायचो. दिलं तेव्हा वेडाच झाला. बाबा, आत्ताच्या आत्ता चला, म्हणाला. मी म्हटलं, कामं पडलीत. निघायच्या दिवशी पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, परत ये, मग बसतो. तू चालव, मी बसतो.” त्यांनी कव्हरावरून हात फिरवला. “आता ती दुसऱ्या कोणी चालवली आणि मी शेजारी बसलो, तर मला नाही सहन होणार. रस्त्यावरून जाताना नुसती बघितली तरी नाही सहन होणार. म्हणून म्हटलं उभी राहू दे. तुमच्यावर रागावून नाही म्हटलं.”

मला वाटलं वन्सं आता रडतील. त्या म्हणाल्या, “मग बसू नका. चालवा.”

“काय?”

“तुम्ही चालवा. मी शिकवते.”

“बाई, माझं वय बघा!”

“तुमच्याहून म्हातारी माणसं शिकवलीत मी. एकाने पहिल्याच दिवशी आमच्या कुंपणाची भिंत पाडली. भिंत पुन्हा बांधली, तो अजून चालवतोय.”

मास्तरांच्या मिशीत काहीतरी हललं. ते हसू होतं हे मला खूप उशिरा कळलं, कारण ते मी कधी पाहिलंच नव्हतं. “सीटचा खिसा तसाच ठेवू?” त्यांनी विचारलं. “तसाच ठेवा,” वन्सं म्हणाल्या.

पुढच्या सभेत मास्तरांनी एका वाक्यात चबुतरा मोडीत काढला. त्या गाडीवेड्या पोरांनी गाडीचा ताबा घेतला. कोणी ब्रेक बघितले, कोणी रबरी नळ्या बदलल्या. शेडमध्ये पुन्हा गोंगाट, पुन्हा तेलाचे हात, पुन्हा माझा चहा कोणाला तरी कमी पडतोय. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मास्तरांची शिकवणी सकाळी, जुन्या गोदामामागच्या मैदानात. मी मागच्या सीटवर, कारण वन्संचा आवाज चढला तर मधे पडायला कोणीतरी हवं होतं. पण आवाज चढलाच नाही. मास्तर गाडी बंद पाडायचे, वन्सं म्हणायच्या, “पुन्हा.” ते पुन्हा बंद पाडायचे, त्या पुन्हा तेच म्हणायच्या. मी बघतच राहिले. ही सभ्यता आयुष्यभर कुठे लपवून ठेवली होती कोण जाणे.

स्मरणदिनाच्या आधीची शेवटची सकाळ. मास्तरांचा हात बसला होता. मैदानाच्या टोकाला, जिथून खड्डे सुरू होतात, तिथे त्यांनी गाडी थांबवली. वन्संना वाटलं त्यांना खड्ड्यांची भीती वाटतेय.

“बाई, एक सांगायचं राहिलंय,” मास्तर समोर बघत म्हणाले. “लढाई संपल्यावर एक माणूस माझ्या दुकानात आला होता. पायात लोखंड बसवलेला. त्याला आणि आणखी पुष्कळांना आमच्या पोराने मागे आणून सोडलं होतं. तो माणूस म्हणाला, रस्ता नव्हताच तिथे, नुसते खड्डे. पण प्रत्येक खड्ड्याशी तुमचा मुलगा स्वतःशीच पुटपुटायचा, ‘मागे बाळ झोपलंय, मागे बाळ झोपलंय,’ आणि ट्रक असा उतरवायचा की जखमेला धक्का लागायचा नाही. दुसऱ्या ट्रकमधली माणसं वाटेतच गेली म्हणाला. याच्यातली पोचली.”

वन्संचा हात डॅशबोर्डवर होता तो तिथेच राहिला. ‘मागे बाळ झोपलंय असं समजा’ हे वाक्य त्यांचं. खड्डा आला की प्रत्येक शिकाऊ माणसाला त्या हेच सांगतात, बँकेच्या मॅनेजरला आणि पैलवानालासुद्धा.

“तो माणूस विचारत होता, याला शिकवलं कोणी,” मास्तर म्हणाले. “मी त्याला सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं. माझा राग टिकवायचा होता मला. चांगलं शिकवलंत बाई तुम्ही माझ्या पोराला.”

आणि आमच्या वन्सं, ज्यांना मी भावाच्या बातमीलासुद्धा चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं, त्या दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलीसारख्या रडल्या. मलाही आवरेना. मास्तरांनी आम्हाला दोघींना गप्प करायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी क्लच हळू सोडला, गाडी पुढे घेतली आणि एकेक करत सगळे खड्डे पार केले. मागच्या सीटवर मला एकही लागला नाही.