रिकाम्या क्रेटचं माप

ओल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आला की मला आमची लाल गाडी आठवते आणि स्वतःचाच राग येतो. माझ्या उनाड स्वभावाला शोभेल अशी लहान, चपळ गाडी मला हवी होती. बायकोची अट एकच, आष्टीच्या बाजाराचे चार क्रेट तिच्यात मावले पाहिजेत. मी घरचे चार बुटके क्रेट घेऊनच वर्ध्याच्या शोरूममध्ये गेलो, सेल्समनसमोर डिक्कीत दोनावर दोन रचले, झाकण लावून दाखवलं आणि ऐटीत गाडी घरी आणली. बाजाराच्या सकाळी प्रत्येक क्रेटवर वीतभर सांबार उभा होता. खालचे दोन ठेवले, तरी डिक्की लागेना. "रिकामे क्रेट मोजले काय तुम्ही?" बायकोनं विचारलं. "थोडा दाबून पाहतो," मी म्हणालो. "दाबू नका, काळा पडते. ऊन चढून राह्यलं, मंग कोणी घेणार नाई." तिनं चारही क्रेट सीटांवर बसवले, त्यांना पट्टे बांधले, माझ्या जागेवरही सांबारच. "तुम्ही यष्टीनं याजा," म्हणत तिनं गाडी सुरू केली. बाजाराला मी अजूनही यष्टीनंच जातो. "भाऊ, गाडी घेतली म्हणे?" कंडक्टर विचारतो, आणि नेमकी तेव्हाच खिडकीबाहेरून बायको हॉर्न वाजवत पुढे निघून जाते.