फुटवा

पत्नी गेल्यावर तिच्या उरलेल्या गोळ्या परत द्यायला मी कर्करोगाच्या दवाखान्यात गेलो होतो. बाकावर आष्टीकडचं एक जोडपं बसलं होतं. दुष्काळामुळे त्यांची जनावरं चारा छावणीत होती. त्याने बायकोच्या तळहातावर गोळी ठेवली. तीच गोळी. गिळल्यावर तिला तोंड उघडायला लावलं.

"छावणीत म्हशीला बी असं बघत न्हाईत," ती म्हणाली.

"म्हस गोळी थुकत न्हाई."

ती हसली. मला ते हसणं बघवेना.

तो माझ्याकडे वळला. "औंदा कारखान्याला ऊस कुठला घालावा? एका कोंबाचे चार व्हावेत, तर पाण्यावाचून फुटवाच न्हाई. आन हिच्या गाठीचा फुटवा थांबवाया ही गोळी. एका पेशीच्या दोन होऊच देत न्हाई म्हणं. लई गुण आला, गाठ निम्मी झाली."

त्या गोळीबद्दल मी मिळेल ते वाचून काढलं होतं. ती घेऊनही आमची गाठ वाढतच गेली.

माझ्या हातातलं पाकीट त्याने ओळखलं. "तुमच्या मंडळींना बी हीच का? थांबला का फुटवा?"

"थांबला," मी म्हणालो.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "समद्यांनाच गुण येतो."