मागची रांग

माझी बायको आयुष्यभर कसबा पेठेतल्या एका शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाल्यावर आम्ही धायरीत राहायला आलो. गेल्या वर्षी शाळेतून फोन आला. तिथे आता संगीताला शिक्षक नाही, तेव्हा बाईंनी सकाळची प्रार्थना आपल्या आवाजात रेकॉर्ड करून द्यावी, रोज स्पीकरवर लावू, असं म्हणाले. फोन ठेवल्यापासून ही गुणगुणायला लागली. पोळ्या लाटतानाही तेच. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

रेकॉर्डिंगचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं. बँकेत कारकुनी करण्यात जन्म गेला, पण यंत्रांची खोड जुनी. माइक आणला, तो लॅपटॉपला जोडायची छोटी डबी आणली. हेडफोन मुलीने दिलेले होतेच. बेडरूमच्या खिडक्या घट्ट लावल्या, कारण खडकवासला धरण एवढं जवळ असूनही आमच्या सोसायटीत पाणी टँकरनं येतं, आणि तो टँकर नेमका आमच्या खिडकीखाली रिव्हर्स घेतो. तबल्याचा ठेका आधीच लॅपटॉपमध्ये भरून ठेवला. तो आणि स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकत हिने माइकसमोर गायचं, एवढंच काम होतं.

पहिल्याच कडव्यात ही ठेक्याच्या मागे पडली. पुन्हा गायली, पुन्हा मागे. आणखी एकदा तसंच झाल्यावर तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"अहो, नाही जमायचं आता. लय गेली माझी. शाळेत तसं कळवून टाका."

मला राग आला. कुणाचा, ते विचारू नका. वयानं आवाज थोडा कापतो हे मी समजू शकतो, पण हिची लय जाईल?

"अगं, या घरात कुकर शिट्टीसुद्धा तुला विचारून करतो," मी म्हणालो.

"मग त्यालाच बसवा गायला," असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर तिचं गुणगुणणं थांबलं. घर ओकंबोकं वाटायला लागलं. शाळेला मी काहीच कळवलं नाही. एका सकाळी ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा तोच ठेका मोबाइलवर लावून मी तिच्या शेजारी ठेवला आणि पेपर वाचत असल्याचं सोंग केलं. थोड्या वेळानं तिने आपसूक प्रार्थना धरली. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही.

म्हणजे दुखणं बाईंचं नव्हतं, माझ्या यंत्राचं होतं. मी स्वतः हेडफोन लावले आणि माइकसमोर टाळी वाजवली. हातावर हात आपटला, आणि टाळी कानात त्यानंतर आली. किंचितच उशिरा, पण उशिरा.

शोधाशोध केल्यावर जे कळलं ते फार ओळखीचं निघालं. माइकमधला आवाज हेडफोनपर्यंत जायच्या आधी कॉम्प्युटरमध्ये या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा साठून राहतो. आमच्या बँकेत कर्जाचा अर्ज असाच फिरायचा. त्या डबीसाठी बनवलेला खास ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, लॅपटॉपमध्ये टाकला की मधली बरीच टेबलं गळतात. आवाज किती साठू द्यायचा तेही त्यात ठरवता येतं. मी हौसेनं ते इतकं कमी केलं की हेडफोनमध्ये फोडणी तडतडायला लागली. मग जरा वाढवलं आणि पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती हातात आणि कानात एकदमच वाजली. एकटाच हसलो मी.

तिला आणून खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "तुझाच आवाज तुझ्या कानात उशिरा येत होता. लय कुठेही गेलेली नाही."

तिने टेबलावरचे हेडफोन उचलले.

"तरीच," ती म्हणाली. "कानात मागून आवाज आला की मी थांबते हो. प्रार्थनेला मागच्या रांगेतली मुलं नेहमी ओळीवर उशिरा येतात. त्यांना टाकून पुढे कशी जाणार? इतकी वर्षं तेच केलंय."

ही बाई स्वतःच्याच आवाजाला मागच्या रांगेतलं पोर समजून सांभाळून घेत होती, आणि वर स्वतःलाच नापास करून मोकळी झाली होती.

मग ती गायली. ठेक्यावर बोट ठेवावं तशी प्रत्येक ओळ जागच्या जागी पडत होती. टँकरसुद्धा आला नाही. मात्र पहिलं कडवं संपल्यावर ती गप्प बसली, नुसता तबला वाजत राहिला, आणि मग समेवर तिने दुसरं कडवं उचललं.

रेकॉर्डिंग ऐकताना मी स्क्रीनवरची ती मोकळी जागा तिला दाखवली. "इथे दम घेतलास वाटतं. कापून जोडून टाकू का?"

"हात लावू नका तिला," ती म्हणाली. "मागची रांग पोचायची असते तिथे."