अक्काची पाठ

"आदी माजी पाठ, मग सुई." लॅबीत रगत घ्यायच्या आदी अक्का असं म्हनायची आन् खुर्ची फिरवून लोकांकडं पाठ करून बसायची. पाठ केवढी म्हनाल तर दाराएवढी. समोरच्या बाकड्यावरच्यांना मग तिच्या निळ्या कोटाशिवाय काय दिसायचंच न्हाय.

सोलापुरात असल्या लॅबीत तुमी बी गेलाच असाल की. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक टेबल, आन् त्याच्यासमोर वळीनं बसलेली मानसं, कुनाचं रगत कसं निघतंय ते बघत. आडोसा न्हायच. तेलुगू घरातली बाई, म्हनून आमी सगळे तिला अक्का म्हनायचो. कुनी मान लांब करून बघाया लागलं की ती मागं न वळताच म्हनायची, "ओ काका, टीव्ही तिकडं हाय."

एकदा एक मोठ्या मिशीवाले मामा रगत देता देता खुर्चीतच कलंडले. लोकं उठून बघाया लागली. अक्कानं त्यांचं डोकं आपल्या पोटाला टेकवून धरलं आन् सगळ्यांना म्हनली, "उपाशीपोटी आल्यात, झोप लागलीया. बसा की." मामांनी डोळे उघडले तवा तेबी तेच सांगाया लागले, झोप लागली म्हनून.

माजं सांगायचं म्हंजे आजबी कानशिलं तापत्यात. धाकटीच्या वेळंला सातवा लागलेला, चार पावलं चालले तरी दम लागायचा. डॉक्टरीनबाई म्हनल्या, रगत लई कमी दिसतंय, आजच तपासून घे, उशीर झाला तर तुला बी धोका आन् बाळाला बी. आमचे हे चिंचोळीला कामावर, मी एकलीच. आन् सोलापुरात जायचं म्हनून सासूबाईंनी लग्नातला ब्लाउज घालाया लावलेला, कोपरापतुर बाही, अशी घट्ट की बोट शिरंना. टेबलावर त्या दिशी दुसराच मानूस हुता. "बाही वर घ्या," म्हनला. न्हाय गेली. मग मोठ्यानं, "हुकं काढा की वरची, लाइन हाय मागं." बाकड्यावर सगळी बापय मानसं. मी पोट धरून जिना उतरले ते रिक्षा स्टॉपपतुर, आन् तितं कट्ट्यावर बसून रडाया लागले, घरी जावं तर बाळाची भीती आन् वर जावं तर ती मानसं.

अक्का आतल्या खोलीत हुती, तिनं ऐकलं आन् माज्या मागं धापा टाकत आली. शेजारी बसली.

"पळालीस व्हय, अम्मा?" बाहीत बोट घालून बघितलं. "अगं, ह्यात डास बी शिरायचा न्हाय."

"सगळे बघायलेत," मी म्हनले.

"हाताच्या पाठीवर बी शीर हाय की. तितनं घेते, बाहीला हात न्हाय लावत. पन तितं जास्त दुखतंय, खोटं न्हाय सांगत. काय करू, तूच सांग."

असं मला कवा कुनी इचारलंच नव्हतं. मी म्हनले, "दुखू द्या."

वर नेऊन तिनं खुर्ची फिरवली, लोकांकडं पाठ केली आन् सुई घातली. लई दुखलं. तिच्या कोटाचं टोक माज्या मुठीत घामानं वलं झालं. ती नुसती "हं, हं, झालं की" म्हनत बसलेली, आन् तिच्या पाठीपल्याड कोन हाय, काय हाय, मला कायच दिसत नव्हतं. रिपोर्ट आला, रगत खरंच लई खाली गेलतं, शिरंतनं औषध द्यावं लागलं. धाकटी नीट झाली.

परवा परत अशक्तपना आला म्हनून तपासाया गेले. अक्का न्हाय आता तितं, भिवंडीला लेकाकडं गेली म्हनं. लॅबीत प्लायवूडची कॅबिन झालीया, दार हाय, आत पंखा हाय. अक्काच मागायची म्हनं ती, किती वर्सं.

मी आत गेले. रगत घेनाऱ्या मानसानं दार लावलं, आन् आत तो आन् मी, दोघंच; मला भ्या वाटाया लागलं. वाईट नव्हता तो बिचारा, खाली बघून हातमोजे घालत हुता.

"दादा, दार उघडं ठेवता का?"

"अवो, बायकांसाठीच तर केलीया कॅबिन."

लाजून मेल्यावानी झालं मला. तिनं जे एवढं मागून घेतलं तेच मी उघडाया सांगायली. तरी परत म्हनले, "उघडा की."

त्यानं दार उघडलं. बाकड्यावरची तोंडं सगळी आत वळली. मी खाली मान घातली आन् हात पुढं केला.