अण्णांची गाय केबलवर चालते

आमच्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, गाय संध्याकाळी सात वाजता केबलवर चालणार होती आणि तिला चालवायची तयारी मी केली होती. म्हणजे पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार.

अण्णांनी जन्मभर पाट्या आणि भिंती रंगवल्या. हात थरथरायला लागले तेव्हा ब्रश ठेवला. केडगावातल्या एका डेअरीच्या भिंतीवरची गाय-वासरू ही त्यांची शेवटची जोडी. नव्व्याण्णव साली डेअरीवाल्यांनी तीच गाय केबल टीव्हीवरच्या जाहिरातीसाठी मागितली आणि अण्णांचं जेवण कमी झालं. (आनंदाने! सासूबाईंनी तरी ओव्याचा अर्क पाजलाच.)

माझं घरातच डीटीपीचं, कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं दुकान होतं. धाकटा दीर संजय पुण्यात अ‍ॅनिमेशनचं, म्हणजे चित्रं हलती करायचं काम करायचा. तो फोनवर म्हणाला, "वहिनी, चित्र कॉम्प्युटरवर रेषांनी गिरवा. हलणारा प्रत्येक भाग सुटा ठेवा. पाय वेगळे, शेपूट वेगळी, वासरू वेगळं."

"एवढंच ना?"

दोन दिवसांत गाय मटारासारखी सोलली. फ्लॉपी एसटीने पुण्याला गेली, कॅसेट परस्पर केबलवाल्याकडे आली. आधी बघायची गरजच काय? माझ्या कामात चूक निघत नाही, असं मीच गल्लीभर सांगून ठेवलेलं!

सात वाजता घरात अर्धी गल्ली. अण्णा इस्त्रीच्या शर्टात. गाय आली, शेपूट हलली, टाळ्या पडल्या. मग गाय चार पावलं पुढे सरकली आणि तिच्याआडून वासरू दिसलं. नुसतं मागचं अर्धं!

"अगं बाई, तोंड कुणी खाल्लं?" शेजारच्या कमलताई.

मी संजयला फोन लावला. "तुम्ही पाठवलं तेवढं चालवलं, वहिनी!"

"अण्णा, वासराचं पुढचं अर्धं कुठंय?"

"गाईच्या आड हुतं."

"मग काढलं का नाही?"

"झाकलेलं कोन रंगवतं व्हय? रंग वाया जातो!"

सगळे हसले. अण्णा तेवढे हसले नाहीत. उठून आत गेले. मी कागद-पेन्सिल घेऊन मागोमाग.

"तेवढं तोंड काढून द्या."

"हात हालतो माझा."

"हलू दे. मी आहे ना सरळ करायला."

तासभर लागला. वाकड्यातिकड्या रेषांचं ते तोंड नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखं ओलं, केसाळ दिसत होतं. मी एकही रेष सरळ केली नाही.

आता चूक नको म्हणून मी गाईचे आणखी भाग सुटे केले. नवी कॅसेट, तीच गल्ली. गाय निघाली. मागून अख्खं वासरू! अण्णांनी डोळे पुसले. मी कौतुक ऐकायला पदर सावरला, तोच सासूबाई म्हणाल्या, "अगं, कास ऱ्हायली की मागं!"

गाय पडद्याबाहेर. कास जागच्या जागी, हवेत लोंबकळत! ती मी सुटी केली होती. गाईबरोबर न्यायची, हे संजयला सांगायचं राहिलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णा मात्र खोकला येईपर्यंत हसले. "ऱ्हाऊ दे पोरी! गाय कुठं बी जाऊ दे, दूध डेअरीतच हाय!"

दुसऱ्या दिवसापासून अण्णा चष्मा लावून माझ्या दुकानात बसू लागले. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीची सोंड जागेवर आहे, हे त्यांनी बोट लावून पाहिल्याशिवाय माझं एकही काम छापायला जात नसे.