आबांचं खाकरणं आणि माझी कंबर

कंबरदुखीवाल्या मैत्रिणींनो, आजचं ऐका.

ऑफिसात वाकून बसून माझी पाठ कामातून गेली होती. दौंडच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पिलाटेस शिकवलं. पुढच्या खोलीत चटई टाकायची, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि श्वास सोडत कंबर हळूहळू उचलायची. आता पोक कमी झालाय, दुखणंही.

आज सकाळी कंबर वर असतानाच सासरे, आमचे आबा, फाटकात खाकरले. आमच्या भांडगावात मोठी माणसं खाकरून घरात येतात आणि सुना उठून उभ्या राहतात. मी ताडकन उठले आणि कंबरेत अशी चमक भरली की ओरडलेच.

"काय झालं गं?" आबा धावत आले.

"तुम्ही खाकरलात, म्हणून उठले."



मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "झटक्यानं उठू नका. आज नुसतं झोपून श्वासाचं करा."

संध्याकाळी चटईवर पडले होते. आबा फाटकात खाकरले आणि तिथूनच ओरडले, "उठू नगं! पडून ऱ्हा. मी मागल्या दारानं येतो."

मी झोपूनच "व्हय" म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तुमच्याकडं सुनेला दिवसा पाठ टेकता येते, का त्यासाठी आधी कंबर धरायलाच लागते?