मुलीचं वाक्य

सुदर्शन कारखानिसांचा फोन आला तेव्हा रुपाली शाळेच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारत होती. "एकवीस वर्षांनी ते नाटक पुन्हा उभं करतोय. आपल्याशिवाय होणार नाही," ते म्हणाले. तिने लगेच होकार दिला. भूमिका कोणती हे विचारायचं राहूनच गेलं. त्या नाटकात ती मुलगी झाली होती, आईला एकटं सोडून कायमची घराबाहेर पडणारी.

कसब्यातल्या घरी भाजी चिरताना ती वाक्यं म्हणू लागली. एकही विसरलं नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण मुलगी कशा दिसणार, असं मनात यायचं. पण दिग्दर्शकानेच बोलावलंय म्हणजे त्यांनी काहीतरी विचार केला असेल, असं म्हणून ती पुढचं वाक्य घ्यायची.

पहिल्या वाचनाला संहिता हातात आली. तिच्या नावासमोर 'आई' लिहिलं होतं. मुलगी होती ऋतुजा, यवतमाळची, हिंजवडीत नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची.

"मला वाटलं..." रुपाली पुटपुटली.

"आपलं वय कळवायला वेगळं पत्र पाठवायला हवं होतं का?" सुदर्शन चष्मा पुसत म्हणाले. सगळे हसले. तीही हसली, पण कान तापले.

तालमी सुरू झाल्या आणि तिचं काहीच जमेना. ऋतुजा बोलायला लागली की रुपालीचे ओठ हलायचे. आईची वाक्यं पाठ होती, पण ती कुणाची तरी उसनी घेतल्यासारखी वाटायची. शेवटी एका रविवारी ती बस पकडून लोणी काळभोरला गेली. तेव्हाची आई, म्हणजे आनंदीबाई, आता तिथे मुलाकडे राहत होत्या.

"आनंदीबाई, तुम्ही आई कशी करायचात हो? शेवटच्या प्रवेशात लोक ढसाढसा रडायचे."

त्या शेंगा सोलत होत्या. "मी काय करनार? तू वाक्य विसरशील म्हनून तुझ्याकडं टक लावून बसायची. जीव मुठीत असायचा माझा. लोकांना वाटायचं, काय माया हाय!"

"एवढंच?"

"आनखी काय? तू दोनदा विसरलीबी व्हतीस."

रुपालीला ते आठवेना. परतीच्या बसमध्ये ती सगळे प्रयोग मनात चाळत राहिली. खरंच विसरलो होतो का आपण? आणि ज्या नजरेसमोर रोज आपले डोळे खरेखुरे भरून यायचे, ती नजर नुसत्या धास्तीची होती? मग आता ऋतुजाकडे बघायचं तरी कसं?

प्रयोगाच्या दिवसापर्यंत तिचं काही ठरलं नाही. रविवारची दुपार, नाट्यगृह बऱ्यापैकी भरलेलं. शेवटच्या प्रवेशात ऋतुजा बॅग उचलून दाराशी थांबली. आता तिचं वाक्य, 'मी परत येणार नाही.' ती बोलेना. रुपाली तिच्याकडे टक लावून बघत राहिली. एक क्षण, दोन, चार. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. हिला आठवत नाहीये? रुपालीच्या नकळत तिच्याच तोंडून हलकेच निघालं, "तू परत येणार नाहीस."

ऋतुजाने वळून पाहिलं. "नाही येणार, आई," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. ती निघून गेली. पडदा पडल्यावर टाळ्या किती तरी वेळ थांबल्या नाहीत.

विंगेत रुपालीने तिचा हात धरला. "अगं, विसरलीस ना?"

"नाही ताई! मी पॉज घेत होते. तुम्ही माझी लाइनच घेतली, मी एकदम ब्लँक झाले."

"मग रडलीस ती?"

"माहीत नाही." ऋतुजा गोंधळून हसली. "खरंच रडू आलं. तुम्ही असं का बघत होतात?"

तेवढ्यात सुदर्शन आले. आता बोलणी खावी लागणार म्हणून रुपालीने मान खाली घातली.

"मुलीचं वाक्य आपण घेतलंत," ते म्हणाले. "पुढच्या, सोलापूरच्या प्रयोगाला ते तसंच ठेवा."

"अहो, पण ते चुकून झालं."

"मग तसंच चुका."

ते गेले. रुपाली आरशासमोर बसून केसांतली पांढरी पावडर झटकू लागली. सगळी निघेना. ठरवून चुकायचं कसं, हे तिला कळेना. आणि ते वाक्य मुलीचं, की आईचं, हेही. शेजारी ऋतुजा कानातलं काढत होती.

"ऋतुजा, सोलापूरला तू थांबणार किती वेळ?"

"तुम्ही बोलेपर्यंत," ऋतुजा म्हणाली.

"आणि मी नाहीच बोलले तर?"

ऋतुजाने कानातलं खाली ठेवलं. दोघी आरशात एकमेकींकडे बघत राहिल्या.